कोन येऊन रायलं?

आमच्या घरासमोरचा रस्ता नाल्यावरच्या रपट्यापासून चढत येतो आणि शाळेच्या भिंतीपाशी वळतो. ओट्यावर बसलं की रपट्यावर पाय ठेवलेला माणूस दिसतो, त्याचा चेहरा मात्र वळणावर येईपर्यंत कळत नाही. त्यात सूर्य त्याच बाजूला मावळतो, म्हणून संध्याकाळी येणारं प्रत्येक माणूस म्हणजे एक काळी आकृती. आजी रोज या वेळेला ओट्यावर असते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ताटातला भात आणि ताटाची कड यांतला फरक ती बोटांनी चाचपून ठरवायची. तरी मला विचारायची, “कोन येऊन रायलं?”, आणि मी मान वर करायच्या आत स्वतःच सांगून टाकायची.

“शिंप्याची सून होय. आज घरी काईतरी झालं तिच्या.”

वळणावर खरोखर शिंप्यांची सून उगवायची. घरी काय झालं ते मला कधी कळलं नाही, पण आजीचं चुकत असेल असंही वाटायचं नाही.

मी व्हिडिओ गेमसाठी पात्रं बनवतो. गावात हे सांगणं अवघड जातं. माय शेजारणींना “कॉम्प्युटरवर चित्र काढते तो” एवढंच सांगते, आणि सोयरीक घेऊन येणाऱ्यांना तर “पुन्याच्या कंपनीत हाये” यापलीकडे काही ऐकायचं नसतं. पुण्यात सात वर्षं काढून मी घरी परतलो. दारव्ह्याच्या बाजूचं हे गाव. काम पुण्याचंच, फक्त खुर्ची इथं. शेताच्या मोटारींसाठी रात्री थ्री फेज येते तेव्हा गावातले निम्मे लोक पाणी द्यायला शेतात जातात आणि मी रेंडर लावतो, म्हणजे कॉम्प्युटरकडून पक्की चित्रं काढून घेतो.

त्या वर्षी हातात होती चिंधी. नऊ वर्षांची पोर, एका छोट्या मोबाईल गेमची नायिका. घरचा बैल बाजारात विकला गेलाय आणि ही एकटीच त्याला शोधायला निघालीये, एवढीच गोष्ट. संवाद एकही नाही. चिंधी हे नाव मी दिलं. आमच्याकडे ज्या घरात पोरं जगत नाहीत तिथं पुढच्या लेकराला असंच टाकाऊ नाव देत, म्हणजे कुणाची दृष्ट लागायला नको. पुण्याच्या मीटिंगमध्ये हे नाव लगेच मंजूर झालं, पण ‘क्यूट’ म्हणून. मी काही बोललो नाही.

संवाद नाही म्हटल्यावर सगळा भार भावांवर. ‘पात्र एक्स्प्रेसिव्ह पाहिजे’ हे वाक्य त्या कामाच्या कागदावर तीनदा होतं. मग मी चेहऱ्याला भिडलो. ब्लेंडर या पात्रं घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये चेहऱ्याची एकेक हालचाल वेगळी घडवून ठेवता येते, तिला शेप की म्हणतात. ओठाचा डावा कोपरा वर, उजवी भुवई आत, गाल फुगलेला. अशा बेचाळीस केल्या. खरं हसू आणि दाखवायचं हसू यांतला फरक डोळ्यांभोवतीच्या स्नायूत असतो, हे द्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं १८६२ साली लिहून ठेवलंय. तोही स्नायू मी घडवला. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी दृष्टीचे छत्तीस प्रकार सांगितलेत, त्यातले सात-आठ आरशासमोर करून पाहिले. माय दारातून बघून गेली आणि रात्री तिनं माझी मीठ-मिरचीनं दृष्ट काढली.

पावणेदोन महिन्यांनी चिंधी मोबाईलवर उतरली. रडायची, रुसायची, खुदकन हसायची. मी फोन आजीच्या हातात दिला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला.

“कोन होय हे?”

“पोरगी आहे, आजी. बघ, आता रडून राहिली.”

“फडकं उडून रायलं काईतरी,” आजी म्हणाली, “रडते कुठी?”

म्हातारीचे डोळे गेलेत, तिला काय दिसणार, असं म्हणून मी फोन परत घेतला. रात्री दिवे गेले होते. अंधारात पडल्या पडल्या तोच फोन मीही हातभर लांब धरला. गेममध्ये कॅमेरा मागे असतो. रस्ता दिसायला हवा, झाडं दिसायला हवीत, पुढचा खड्डा दिसायला हवा. त्या सगळ्यात चिंधी अंगठ्याच्या पेराएवढी, आणि तिचं तोंड तुरीच्या दाण्याएवढं. त्या दाण्यावर मी बेचाळीस भाव कोरले होते. आजीनं जे पाहिलं तेच गेम घेणाऱ्या प्रत्येकाला दिसणार होतं, मग त्याचे डोळे कितीही धड असोत.

खरं म्हणजे हे मला ठाऊक असायला हवं होतं. आमच्या धंद्यातल्या पोराटोरांनाही मारिओची गोष्ट पाठ असते. १९८१ साली शिगेरु मियामोतो या जपानी गेमकारानं डाँकी काँग या गेमसाठी तो रचला तेव्हा चित्र काढायला त्यांच्या हाती स्क्रीनवरचे मोजके ठिपके होते. केस काढायला आणि हलवायला जागा नाही म्हणून टोपी. नाक आणि तोंड वेगळं दिसेना म्हणून नाकाखाली मिशी. हात अंगापासून सुटून दिसावेत म्हणून वेगळ्या रंगाचे, पट्ट्यांचे कपडे. जगातला सगळ्यात ओळखीचा चेहरा असा अडचणीतून निघाला. आमच्या गावातली जुनी माणसं तरी काय, लाल पटका, पांढऱ्याफटक मिशा, खांद्यावर दुपट्टा. दोन शेतं पलीकडून कळावं की कोण आहे. मियामोतोंना जी अक्कल ठिपक्यांनी शिकवली ती आमच्याकडे अंतरानं शिकवलेली दिसते.

दुसरं उदाहरण त्याहून जुनं, १९८० च्या पॅकमॅन या गेममधली भुतं. त्यांना तोंड नाही, भुवया नाहीत, नुसते दोन डोळे, आणि भूत ज्या दिशेला निघालं त्या दिशेला बुबुळं. रडणं-हसणं काही नाही. तरी ती बुबुळं आपल्याकडे वळली की पोटात गोळा येतो.

मग मी आजीशेजारी बसायला लागलो. सुरुवातीला थोडी गंमत म्हणून, नंतर वही घेऊन. कोण येतंय हे तिला कसं कळतं ते विचारलं तर तिला सांगता येईना. “चालीवरून,” म्हणायची. चालीत काय? “चालच असते ना ज्याची त्याची.” मग एकेक माणूस धरून विचारलं. पाटलाचा गडी डावा पाय बाहेर फेकतो, त्याला लहानपणी बैलानं लोळवलं होतं. मास्तर चालताना हात हलवत नाहीत, पिशवी नसली तरी पिशवी धरल्यासारखा एक हात अंगाशी. आशाताई वळणाआधीच मान वळवते, पाय मागून वळतात. “आन् तू,” आजी म्हणाली, “तू खाली पाहून चालतं. पुन्याहून आल्यापासून.” ते मी वहीत लिहिलं नाही.

युहानसन नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये हेच दाखवलं होतं. माणसाच्या खांदे, कोपर, कंबर, गुडघे, घोटे अशा सांध्यांवर दिवे लावले आणि अंधारात त्याला चालवलं. चित्र थांबलेलं असताना बघणाऱ्याला नुसते विखुरलेले ठिपके दिसत. हललं की क्षणात माणूस. पुढे १९७७ साली अमेरिकेत अशाच ठिपक्यांवरून ओळखीच्यांना ओळखता येतं का हे पाहिलं गेलं. ओळखता आलं, अंदाजपंचे उत्तरांपेक्षा जास्त वेळा, पण चुकाही बऱ्याच झाल्या. त्या प्रयोगात आमच्या आजीला बसवायला हवं होतं.

चिंधीचा चेहरा बाजूला ठेवला. तिला नाक-डोळे नसलेली काळी बाहुली केली आणि फक्त चालवायला घेतली. चाल म्हणजे चोवीस फ्रेमांचं, एकामागून एक येणाऱ्या चित्रांचं, चक्र. टाच टेकते, वजन खाली बसतं, दुसरा पाय ओलांडून जातो, अंग वर उचललं जातं. वर-खाली, वर-खाली, यानं चाल जिवंत वाटते, असं आम्ही शिकतो. तसंच केलं. गेमच्या मधल्या भागात चिंधीच्या डोक्यावर कापसाचं गाठोडं असतं, बाजारच्या गाडीत जागा मिळावी म्हणून ती कुणाचं तरी ओझं वाहते. त्या चालीत खांदे वाकवले, पावलं जड केली आणि मायला दाखवली.

माय तेव्हाच शेतातून आली होती. वेचणीचे दिवस. कमरेला बांधलेलं फडकं अजून सोडलं नव्हतं, त्यात कापसाचे चार तंतू. तिनं उभ्या उभ्या पाहिलं आणि फिस्सकन हसली.

“असं डोकं हालवलं तं गाठोडं पडंल ना बाप्पा.”

दुसऱ्या दिवशी मी तिच्यामागे शेतात गेलो. आयुष्यभर जे पाहिलं ते पहिल्यांदा बघितलं म्हणा. डोक्यावर ओझं असलेल्या बाईचं डोकं हलतच नाही. दोरी बांधून ओढल्यासारखं एका रेषेत पुढं जातं. वर-खाली होणं सगळं गुडघ्यांनी पिऊन टाकलेलं असतं, कंबर आडवी झुलते, पाऊल आखूड आणि घाईचं. एक हात वर गाठोड्याला, पण तो नुसता लावलेला, धरलेला नाही. धरलाच तर समजावं की बाई थकली. आणि वेचताना सकाळची चाल वेगळी, दुपारची वेगळी. सकाळी फडकं रिकामं असतं तेव्हा बाया वाकून सरीत शिरतात. दुपारी पोटाशी कापूस फुगतो, तो काही फार जड नसतो, पण मोठा असतो, आणि त्याला जागा द्यायला त्या पाठ मागे टाकून चालतात. सहा-सात महिन्यांच्या पोटुशीसारख्या. वजनाचा आणि आकाराचा फरक मी कुठल्याच पुस्तकात इतका साफ पाहिला नव्हता. वेचणीची मजुरी किलोवर असते. त्यामुळे दिवसभरात कुणाचा किती झाला हे धुऱ्यावर उभं राहून लांबून पाठीच्या बाकावरून सांगता येतं. मायला येतं.

चिंधीचं डोकं स्थिर केलं. झालं, बाकी तीच चाल. एका रात्रीत ती पोर खरं ओझं उचलायला लागली.

पण आणखी एक भानगड होती, आणि ती फक्त गेममधली आहे. सिनेमात पात्राला उडी मारायची असली की आधी ते खाली दबतं, हात मागे नेतं, श्वास घेतं. मनात आलेलं अंगात येताना दिसतं. ॲनिमेशनचा तो मूळ धडा. मीही चिंधीला ओढा ओलांडताना आधी थोडी कचरायला लावली होती. बारा फ्रेमांचं कचरणं, बघायला फार गोड. शेजारचा सहावीतला पोरगा फोन घेऊन बसला आणि दोन मिनिटांत वैतागला.

“दादा, दाबलं तं उडतच नाई ना हे! हँग होते तुमचा गेम.”

बरोबर होतं त्याचं. सेकंदाला तीस फ्रेमा, बारा म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या थोडं आत. पण बोट दाबल्यावर तेवढं थांबणं म्हणजे पात्रानं ऐकलंच नाही असं वाटतं. गेममधल्या पात्राला विचार करायला वेळ नसतो, विचार खेळणाऱ्यानं केलेला असतो. मग भीती दाखवायची कुठं? खूप काटछाट केल्यावर एकच जागा उरली, नंतर. उडी ताबडतोब, दोन फ्रेमांत. पलीकडे पाय टेकले की मग गुडघे वाकणं, एक हात जमिनीला, क्षणभर तसंच, आणि मान वळवून मागे ओढ्याकडं बघणं. त्या वेळात खेळणाऱ्यानं पुढचं बटण दाबलं तर हे सगळं सोडून ती धावते. नाही दाबलं तर बघत राहते. तो पोरगा पुन्हा खेळला. उडी मारून झाल्यावर त्यानं बोट उचललं, चिंधीनं मागे पाहिलं, आणि हा आपल्याशीच म्हणाला, “भेली हे.” म्हणजे घाबरली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी पिऊन आलो.

त्याच हिवाळ्यात मावशीकडं वडशाला जाणं झालं. इथून जायचं म्हणजे एसटी बदलत बदलत अख्खा दिवस. वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचं माहेर. दिवाळी झाली की नाटक मंडळ्यांचे फलक लागतात आणि गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावागावांत होळीपर्यंत नाटकं चालतात, दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असेल तर रात्री हमखास. मावसभाऊ एका गावी घेऊन गेला. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडला. आम्हाला जागा मिळाली पार मागे, चहाच्या भट्टीजवळ. तिथून नटांचे चेहरे म्हणजे पुन्हा तुरीचे दाणेच. समोर हजारांनी माणसं, घोंगड्या पांघरून, मांडीवर लेकरं झोपलेली.

आणि मला सगळं कळत होतं. खलनायक आला तो आधी आलाच नाही. विंगेतून एक पाय दिसला, थांबला. मग तो माणूस. माईक वरून टांगलेले, त्यामुळे महत्त्वाचं वाक्य आलं की नट चालत त्याच्याखाली जायचा, आणि तो निघाला की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याही घोंगडी सावरून बसायच्या, आता काहीतरी बोलणार म्हणून. नायिकेची माय रडली ती खांद्यांनी. आधी पाठ फिरवली आणि मग खांदे. माझ्या पुढं बसलेल्या बाईनं लगेच पदर डोळ्याला लावला, तिला तरी त्या नटीचं तोंड कुठं दिसलं होतं? शहरातल्या नाट्यगृहात बसून या अभिनयाला मी ‘भडक’ म्हणालो असतो. म्हणालोही आहे पूर्वी. चहाच्या भट्टीपाशी बसून ते म्हणता येत नाही.

पहाटे परतताना मावसभावाच्या गाडीवर मागे बसून कुडकुडत मी ठरवलं ते हे, की चिंधीला एकच मोठी गोष्ट द्यायची आणि ती लांबून दिसणारी. आजीनं ती आधीच सांगून ठेवली होती. डोक्याचं फडकं. मायच्या कमरेचं असतं तसंच, वेचणीचं, तिनं डोक्याला बांधलेलं, गाठ मागे आणि दोन शेंडे लोंबते. फिकट पिवळं केलं, म्हणजे काळ्या मातीवर आणि हिरव्या पऱ्हाटीवर सारखंच उठून दिसावं. धावली की शेंडे आडवे. थांबली की ते तिच्यानंतर अर्ध्या क्षणानं थांबतात. घाबरली की मान खांद्यांत जाते आणि शेंडे छातीवर येतात. रुसली की ती फडकं कपाळावर ओढते, तेवढ्यानं डोळे झाकले जातात आणि भुवयांचं काम संपतं. बेचाळीस शेप कीपैकी पाच ठेवल्या. उघडझाप, आणि बुबुळं चार दिशांना. भुतांसारखी.

सगळ्यात जास्त वेळ मात्र खाल्ला तिच्या नुसत्या उभं राहण्यानं. खेळणारा काहीच करत नसतो तेव्हा पात्रानं काय करायचं? १९९१ च्या गेममधला सॉनिक अशा वेळी पाय आपटतो, आता चला की म्हणून. चिंधीला मी जांभई दिली होती, नाक खाजवायला लावलं होतं. आजीला ही काळी बाहुली मोठ्या स्क्रीनवर दाखवली. ती बराच वेळ बघत होती.

“हे कोनाची वाट पाहून रायली का?”

“हो, बैलाची.”

“नाई पाहून रायली,” आजी म्हणाली. “वाट पायनारं मानूस असं हालत नसते.”

ती स्वतः ओट्यावर कशी बसते ते मग पाहिलं. हालत नाही. रपट्याकडून काही वाजलं की आधी बोटं थांबतात, गव्हातले खडे निवडणारी. मग कान तिकडे. मान सगळ्यात शेवटी. आणि कुणी नसलं की मान परत येते, पण बोटं लगेच सुरू होत नाहीत. मी चिंधीच्या जांभया काढून टाकल्या. आता ती उभी असते, काडीनं मातीत रेघा ओढत. लांब कुठेतरी बैलाच्या गळ्यातली घंटी वाजते. काडी थांबते. फडक्याचे शेंडे स्थिर होतात. मग मान. घंटी दुसऱ्याच बैलाची असते. मान परत, आणि काडी तशीच हवेत. पुढे किती फ्रेमांनी ती पुन्हा मातीला टेकवायची यावर मी चार दिवस घालवले. वीस कमी पडत होत्या, चाळीसला ती रुसल्यासारखी वाटायची. एकतीसवर थांबलो. का, ते सांगता येणार नाही, चालच असते ना ज्याची त्याची.

शेवटचा टप्पा तिला शकुंतलेच्या रुळांवरून चालवायचा होता. यवतमाळ-मूर्तिजापूरची ती नॅरोगेज गाडी बंद पडून वर्षं झाली, रुळांत गवत माजलंय, पण लोकांची पायवाट अजून तीच. स्लीपरवरून चालणाऱ्याला स्वतःची चाल उरत नाही, लाकूड जिथं असेल तिथं पाय. एक धरून चाललं तर पाऊल आखूड पडतं, एक सोडून चाललं तर ढांग लांब. तिथं चिंधीला ना धड चालू दिलं ना धावू दिलं. पुण्याहून विचारणा झाली, ही लंगडते का? मी फोटो पाठवला. मग काही आलं नाही.

गेम पूर्ण व्हायला आला त्या सुमारास आजीचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. काळा चष्मा लावून ती घरी आली आणि दारातच थांबली.

“काय वो सूनबाई, एवढे जाये लागले घरात?”

मायनं जाळी काढायला झाडू घेतला आणि दोन दिवस ती आजीशी नीट बोलली नाही. आजी प्रत्येक गोष्ट उचलून बघत होती. आपले हात उलटसुलट करून पाहिले, कॅलेंडरवरचा गणपती पाहिला, भिंतीवरचा आजोबांचा फोटो बराच वेळ. आठवडाभरानं मी फोन तिच्या हातात दिला. आता तिनं तो लांब-जवळ केला नाही, सरळ धरला.

“अवो, हिले तं नाकच नाई!”

होतं ते. लहान ठेवलं होतं, लांबून उपयोग नाही म्हणून. आजीनं आणखी दोन-तीन खोड्या काढल्या. कान मोठे आहेत, फडक्याला काठ पाहिजे होता, पायात काही का नाही घातलं पोरीच्या. माझी दोन वर्षांची तपासनीस अशी एका दिवसात हातची गेली. आता चित्र धूसर करून बघायचं तर मी माझाच चष्मा काढतो, पण ते तसं होत नाही.

फोन परत देताना तिनं माझ्याकडं पाहिलं. पाहतच राहिली. काळा चष्मा कपाळावर सरकवला, डॉक्टरांनी नको सांगितलं असूनही, आणि माझी हनुवटी धरून उजेडाकडं वळवली.

“केवा पांढरी झाली बे तुई दाढी?”